आपली पोरं फक्त सॅल्यूट ठोकायलाच का?

पहाटे पाचला चिखली-मेहकर रस्त्यावर उभे राहा. थंडी असो की पाऊस, आपल्या वस्त्यांमधली पोरं धावताना दिसतील. सोळाशे मीटरमधले दोन सेकंद कमी करायला त्यांनी टाचा झिजवल्यात. त्यात बी.ए., बी.एस्सी. झालेलीही आहेत. तयारी कशाची? अग्निवीरची. दहावी पासवर मिळणारी आणि चार वर्षांनी चौघांतल्या तिघांना घरी पाठवणारी नोकरी.

या पोरांना आम्ही नावं ठेवत नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये सियाचीनला कर्तव्यावर मरण आलेले अग्निवीर अक्षय गवते आपल्याच पिंपळगाव सराईचे. जीव द्यायला आपला जिल्हा कधी मागे नव्हता. आमचा सवाल चळवळीला आहे, म्हणजे आम्हालाही: पदवी हातात असलेल्या पोराला सीडीएस नावाची परीक्षा असते, हे आपण सांगितलं का?

नाही सांगितलं. विहारातल्या अभ्यासिकेत एका पोरानं आम्हाला विचारलं, "सर, सीडीएस म्हणजे काय?" बी.एस्सी., सैन्यभरतीत दोनदा धावलेला, आता पोलीस भरतीच्या मागे. पंचविशी उलटलेली, म्हणजे तो दरवाजा बंद. चूक त्याची नव्हती. अभ्यासिकेत तलाठी आणि पोलीस भरतीची पुस्तकं आम्हीच आणून ठेवली होती.

१ जानेवारीला आपण भीमा कोरेगावला जातो, स्तंभापुढे नतमस्तक होतो. जायलाच हवं. पण त्या लढाईत हुकूम देणारा कॅप्टन स्टॉन्टन होता, हेही लक्षात ठेवा. बाबासाहेबांचे वडील रामजी सुभेदार. त्या काळी सुभेदार कितीही अनुभवी असो, कालपरवा आलेल्या गोऱ्या लेफ्टनंटच्या हाताखालीच. पुढे महारांची भरतीच बंद झाली. गोपाळबाबा वलंगकरांनी १८९४ मध्ये अर्ज केला, शिवराम जानबा कांबळ्यांनी १९१० मध्ये. पहिल्या महायुद्धात गरज पडली तेव्हा पलटण उभी केली, १९२१ मध्ये मोडली. १९४१ मध्ये बाबासाहेबांच्या पाठपुराव्यानं महार रेजिमेंट उभी राहिली. त्याच रेजिमेंटमध्ये कमिशन घेतलेले के. व्ही. कृष्णराव आणि के. सुंदरजी पुढे लष्करप्रमुख झाले. एक विजयवाड्याचे, दुसरे चेंगलपट्टूचे. त्यांच्या कर्तृत्वाला सलाम. पण ज्या समाजाचं नाव त्या रेजिमेंटला आहे, त्यातली किती पोरं आज कमिशनच्या परीक्षेला बसतात? आपापल्या गावात मोजून पाहा. मोक्याच्या जागा घ्या, असं आपण भाषणात म्हणतो आणि पोराला रनिंगला पाठवतो.

काही मित्र म्हणतात, सैन्य ही त्यांच्या सत्तेची काठी, आपण कशाला जायचं? अहो, आपली पोरं जाताहेतच. प्रश्न एवढाच, कोणत्या रँकवर.

इथे आरक्षण नाही. परीक्षा वर्षातून दोनदा, अनुसूचित जातींना फी माफ. इंग्रजी, सामान्य ज्ञान, गणित; चेन्नईच्या ओटीएसाठी गणितही नाही. पेपर मराठीत मिळत नाही, हे आपल्यासाठी मोठं कुंपण. म्हणून इंग्रजी आठवीपासूनच हवं, पदवीनंतर धावपळ करून ते येत नाही. खरी गाळणी लेखीनंतर, पाच दिवसांच्या एसएसबी मुलाखतीत. पंधरा सेकंदांत एका शब्दावर वाक्य, चार मिनिटांत चित्रावरून गोष्ट, गटचर्चा, मैदानावरची कामं, वडील काय करतात इथपासून प्रश्न. तिथे अधिकाऱ्याचे पंधरा गुण तपासतात. आणि आपल्याकडे सर्रास बोललं जातं की हे गुण जन्मजात असतात.

जन्मजात! हा शब्द आपल्याला नवा आहे का? जे गुण जन्मजात असतात त्यांचे क्लास हजारो रुपये फी घेऊन कसे चालतात?

जयंती मंडळाचा आपला कार्यकर्ता पाहा. वर्गणी गोळा करतो, पोलीस परवानगी काढतो, मिरवणुकीच्या मार्गावरून गावात तणाव झाला तर दोन्हीकडच्या म्हाताऱ्यांना भेटून मिटवतो, हजार माणसांच्या भोजनदानाचा हिशेब दुसऱ्या दिवशी चुकता करतो. नियोजन, जबाबदारी, लोकांना सोबत नेणं, आणखी काय असतं अधिकाऱ्यात? पण मुलाखतीत विचारलं की तो म्हणतो, "काही नाही सर, शेतीत मदत करतो." तेच काम ठाम शब्दांत सांगायला त्याला कुणी शिकवलेलं नाही. बोर्डिंग स्कूलचा मुलगा एका क्रिकेट सामन्याचं नेतृत्व दहा मिनिटं सांगतो.

रस्ते आहेत. दहावीनंतर छत्रपती संभाजीनगरची सैनिकी सेवा पूर्वशिक्षण संस्था, १९७७ पासूनची, सरकारी. मुलींसाठी तशीच नाशिकला. २०२१ पासून एनडीएची परीक्षा मुलींनाही खुली आहे. आपल्या लेकींना कुणी कळवलं? सीडीएस लेखी पास झालेल्याला नाशिक रोडच्या छात्रपूर्व प्रशिक्षण केंद्रात एसएसबीची तयारी मोफत, राहणं-जेवणासह. अर्ज जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून. कॉलेजात एनसीसीचं सी प्रमाणपत्र किमान बी ग्रेडनं मिळालं आणि पदवीला पन्नास टक्के असतील, तर लेखी परीक्षाही लागत नाही. जो आधीच जवान आहे, त्याच्यासाठी आर्मी कॅडेट कॉलेजची वाट आहे.

त्या नाशिकच्या कोर्सची बातमी पेपरच्या जिल्हा पानावर चार ओळींत येते आणि रद्दीत जाते. आता आम्ही ती कापून विहाराच्या फळ्यावर लावतो. रविवारी वंदनेनंतर तासभर पोरं इंग्रजीतून गटचर्चा करतात. सुरुवातीला हसली, एक तर उठूनच गेला. सध्या नऊ जण येतात, त्यात तीन मुली. येत्या जयंतीच्या बैठकीत डीजेच्या रकमेतून सीडीएसची पुस्तकं घ्यायचा ठराव आम्ही मांडणार आहोत. विरोध होईल, माहीत आहे. तुमच्या गावातही मांडा.

जय भीम.