ऐपतीचा रकाना आणि आस्थेचा

आपल्याकडील कलासंस्थांच्या कार्यालयांत गेल्या काही वर्षांत एक नवी वही आली आहे. ती संगणकावर असते, आणि तिच्यातला सर्वांत जपलेला भाग म्हणजे ज्यांनी अद्याप काही दिलेले नाही, परंतु मोठी रक्कम देऊ शकतील, अशा माणसांची यादी. प्रत्येक नावापुढे रकाने: ऐपत किती, आस्था किती, ओळख कोणामार्फत, पुढची भेट केव्हा, मागायचे किती. हा सारा प्रकार बाजारी आहे, कलेला शोभत नाही, अशी कुरकुर आम्ही पुष्कळदा ऐकली आहे. ती आम्हांला पटत नाही. चिटणिसांच्या डोक्यात किंवा खिशातल्या डायरीत राहणारी माहिती चिटणिसांबरोबरच निघून जाते, आणि संस्थेला त्याच दारावर पुन्हा परक्यासारखे उभे राहावे लागते. नोंद हवीच. आमचा आक्षेप आहे तो रकान्यांच्या क्रमाला.

करी रोडचाच परिसर घ्यावा. स्थानकाच्या एका बाजूस ना. म. जोशी मार्ग, दुसरीकडे लालबाग. १९८२ च्या संपानंतर गिरण्या एकामागून एक थंडावल्या आणि त्यांच्या जमिनींवर मनोरे उभे राहिले. चाळ आणि मनोरा आज एकाच पिनकोडात नांदतात. यादी करणारा मनोऱ्याचा पत्ता पाहतो आणि ऐपतीच्या रकान्यात वरचा आकडा भरतो. आस्थेचा रकाना रिकामा राहतो, कारण ती पत्त्यावरून कळत नाही.

ज्यांच्या नावाने हा मार्ग ओळखला जातो त्या जोशींनी १९११ साली सोशल सर्व्हिस लीग स्थापन केली. तिच्याच परळच्या आवारात १९२२ साली दामोदर नाट्यगृह उभे राहिले. नाव दामोदर ठाकरसी यांचे. कामगार रंगभूमीच्या कित्येक पिढ्या त्या रंगमंचावर घडल्या, पण ‘दामोदरला प्रयोग आहे’ म्हणणाऱ्यांपैकी हे दामोदर कोण, हे किती जणांना ठाऊक होते? नाव राहिले, माणूस गळाला. (देणगीदाराचे नाव भिंतीवर लावले की ऋण फिटले, असे मानणाऱ्यांनी यावर थोडा विचार करावा.)

याच दामोदर ठाकरसींचे चिरंजीव विठ्ठलदास. १९२० साली त्यांनी महर्षी कर्व्यांच्या महिला विद्यापीठाला पंधरा लाखांची देणगी दिली आणि विद्यापीठाला आपल्या आईचे, नाथीबाईंचे, नाव दिले गेले. विद्यापीठ कलासंस्था नव्हे, हे मान्य. परंतु मोठी देणगी कशी जन्मते हे पाहण्यास इतके बोलके उदाहरण आम्हांस दुसरे आढळत नाही. विठ्ठलदासांची ऐपत साऱ्या मुंबईला ठाऊक होती. ते गिरणीमालक होते. तिची नोंद करण्यास कोणत्याही हुशारीची गरज नव्हती. त्यांच्या मनाने घेतले ते जपानच्या प्रवासात तेथील महिला विद्यापीठ पाहिल्यावर. आजच्या वहीत ही गोष्ट कोठे लिहावी? बहुधा ‘इतर’ या सदरात, शेवटी. आमच्या मते ती पहिल्या रकान्यात हवी. शिवाय अशा देणगीला अटी असतात, आणि देणारा गेल्यावर त्या अटींचा अर्थ लावण्यावरून वाद उद्भवू शकतात. म्हणून कोणते वचन, कोणी, कोणाला, कोणत्या शब्दांत दिले, हेही रकमेइतक्याच काळजीने नोंदले पाहिजे.

लालबाग-परळच्या गणेशोत्सव मंडळांना ही विद्या कोणी शिकवावी लागली नाही. वर्गणीचे पावतीपुस्तक घेऊन फिरणाऱ्या कार्यकर्त्याला कोणत्या खोलीत या वर्षी सुतक आहे, कोणाची नोकरी गेली, कोण यंदा मुलगा नोकरीला लागला म्हणून आपणहून जास्त देईल, हे माहीत असते. कोठे दार वाजवायचे नाही हे त्याला कळते. संगणकातल्या वहीत असा रकाना आम्ही अजून पाहिलेला नाही. स्मरणाची घंटी मात्र ठरल्या दिवशी वाजते.

अर्थात अशी माहिती लिहून ठेवताना मर्यादाही हवी. कोणाचे आजारपण, कोणाच्या घरचा वाटणीचा तंटा हे ‘संधी’ म्हणून टिपणे आम्हांस किळसवाणे वाटते. २०२३ साली वैयक्तिक विदेच्या संरक्षणाचा कायदा झाला, परंतु कायद्याआधीही एक साधी कसोटी होतीच: त्या माणसाला समोर बसवून त्याच्याविषयीची नोंद वाचून दाखवता येईल काय? येत नसेल तर ती पुसावी.

२०१३ च्या कंपनी कायद्याने ठरावीक मर्यादेवरील कंपन्यांना सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करणे भाग पाडले, आणि त्या कामांच्या यादीत कला व वारसा यांनाही जागा दिली. तेव्हापासून संस्थांचे लक्ष कंपन्यांकडे वळले. ते स्वाभाविक आहे. भायखळ्याच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या जीर्णोद्धारासाठी महापालिका, इन्टॅक आणि जमनालाल बजाज फाउंडेशन २००३ सालीच एकत्र आले, २००८ मध्ये संग्रहालय पुन्हा खुले झाले. म्हणजे सक्तीवाचूनही हे घडू शकते. पण कंपनीचा अधिकारी बदलतो, धोरण बदलते, आणि यादीतले नाव एका रात्रीत निरर्थक होते.

दामोदर २०२३ मध्ये पुनर्विकासासाठी बंद झाले. नव्या इमारतीत नाटकाला किती जागा उरेल, यावरून रंगकर्मींनी आवाज उठवला. अशा वास्तूंसाठी उद्या कोणी देणगीदारांची यादी करील, तेव्हा मनोऱ्यांतली नावे आपोआप वर येतील. ज्यांचे वडील पाळी संपवून तेथे तालमीला जात, ती मुले मात्र डोंबिवलीला, विरारला, काही परदेशीही गेली आहेत. त्यांतले कित्येक आज चांगले मिळवते आहेत, आणि नाट्यगृहाचे नाव काढताच त्यांचा स्वर बदलतो. संस्थांच्या जुन्या सभासद-वह्यांत अशा घरांपुढे चाळीचा पत्ता आणि ‘पत्र परत आले’ असा शेरा असतो. शोध तेथून सुरू करावा.