राज्यघटना लिहिताना जनतेला काय विचारावे?

राज्यघटना जनतेला विचारून लिहावी, हे तत्त्व आज कोणीही मान्य करील. परंतु जनतेला काय विचारावे आणि कोणती गोष्ट मतांच्या मोजणीवर सोडू नये, हा खरा प्रश्न आहे. इतिहासाचे अभ्यासक म्हणून आम्हांला या बाबतीत दक्षिण आफ्रिकेचे उदाहरण विशेष मोलाचे वाटते.

वर्णभेदी राजवट संपल्यावर, १९९४ नंतर, तेथील संविधान सभेने जनतेकडून सूचना मागविल्या. ज्यांना वाचता येत नव्हते, त्यांच्यासाठी गावोगावी सभा घेतल्या, आकाशवाणीचा उपयोग केला. स्वाक्षऱ्यांची निवेदने धरून सुमारे २० लाख सूचना आल्या. त्यानंतर १९९५ च्या नोव्हेंबरमध्ये कच्चा मसुदा लोकांसमोर ठेवून त्याच्या लाखो प्रती वाटण्यात आल्या.

मृत्युदंड परत आणावा, ही मागणीही मोठी होती. तो मात्र परत आला नाही. १९९५ च्या जूनमध्येच तेथील घटना न्यायालयाने तो रद्द केला होता. लोकमत निर्णायक मानले, तर ज्यांना मतपेटीतून स्वतःचे रक्षण करता येत नाही त्यांना वाली उरणार नाही, असा निकालाचा आशय होता. शिवाय ३४ मूलतत्त्वे निवडणुकीपूर्वीच ठरली होती. त्यांच्याशी विसंगत वाटलेला पहिला मसुदा न्यायालयाने दुरुस्तीसाठी परत पाठविला. विचारणे आणि बहुमताच्या हवाली करणे यांतला हा भेद आम्हांला पूर्णपणे पटतो.

बहुमताच्या गावकुसाबाहेर पिढ्या काढलेल्या समाजाला तो निराळा समजावून सांगावा लागत नाही. आपल्या घटनेचा मसुदा १९४८ मध्ये आठ महिने जनतेपुढे होता खरा. पण मूळ मसुदा इंग्रजीत, आणि १९५१ च्या जनगणनेत साक्षरता जेमतेम १८ टक्के! ज्या घरात वाचणारा कोणी नव्हता, त्या घराचे म्हणणे कोण पाठविणार? ते काम बाबासाहेबांनी १९१९ मध्ये साउथबरो समितीपुढील साक्षीपासून १९४७ मध्ये शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या वतीने दिलेल्या निवेदनापर्यंत सातत्याने केले.

आज आपल्या घरांत वाचणारे आहेत. म्हणून संस्थेस आमची एक सूचना आहे. संविधान दिनी उद्देशिकेच्या सामूहिक वाचनानंतर नववी-दहावीच्या मुलामुलींना कलम १७ वाचावयास द्यावे, आणि हे कलम गावाच्या मतदानावर सोपविले असते तर काय झाले असते, ते त्यांच्याकडून लिहून घ्यावे.