गोलात कोण थांबणार?

शुक्रवारी रात्री हिंजवडीतून सुटायचं, पहाटे हायवेवर तावडे हॉटेलपाशी डोळे चोळत उतरायचं, तिथून काकांच्या स्कूटरवर बसून उचगाव. रविवारी संध्याकाळी रिटर्न. महिन्यातून एकदा ठरलेला कार्यक्रम. मागच्या खेपेला मात्र घरात पाय ठेवल्या ठेवल्या आठवीतल्या चुलत बहिणीनं गाठलं. "दादा, आता मी गोलात थांबतो."

(होय, 'थांबतो'च. आमच्याकडे पोरीही येतो-जातो म्हणतात. पुण्यातल्या मित्रांनी याची सवय करून घ्यावी.)

मला जरा वाईटच वाटलं. कारण गल्लीतल्या फुटबॉलमध्ये गोलात कोण थांबतं, हे मला पुरेपूर ठाऊक आहे. सगळ्यात बारका, सगळ्यात जाडा, नाहीतर ज्याची चप्पल तुटली आहे तो. मी चार वर्षं गोलकीपर होतो, आणि त्याचं एकमेव कारण म्हणजे मला पळता येत नव्हतं. म्हटलं, "तुला कुणी ढकललं काय गं?" तर म्हणाली, "ढकलतंय कोण? मीच मागून घेतलं." वर पुढचा प्रश्न : "भारताच्या पोरींच्या टीममधी गोलकीपर कोण कोण झाल्या?"

आता मंडळी, आपण कोल्हापूरचे. शाहू स्टेडियमवर पाटाकडील विरुद्ध दिलबहार असली की ऑफिसात पोटदुखीचा मेल टाकणारे. वर्ल्ड कपला अख्ख्या पेठा ब्राझील-अर्जेंटिनात वाटून घेणारे. मला रेआल माद्रिदचा बेंचवरचा तिसरा गोलकीपर सांगता येतो. पण या प्रश्नाला माझी दांडी गुल. कोल्हापूर सिटीचा मुलींचा संघ इंडियन विमेन्स लीगमध्ये खेळून आलाय, पण त्यांच्या गोलात कोण होतं, तेही मी कधी विचारलं नव्हतं. मग गुपचूप अभ्यास केला आणि अदिती चौहान सापडली.

चेन्नईत १९९२ साली जन्म, वाढली दिल्लीत. शाळेत कराटे आणि बास्केटबॉल. कोचच्या सांगण्यावरून फुटबॉलच्या ट्रायल्सना गेली आणि दिल्लीच्या अंडर-१९ संघात आली. पुढं इंग्लंडला लफबरो युनिव्हर्सिटीत स्पोर्ट्स मॅनेजमेंटचं मास्टर्स. तिथून २०१५ मध्ये थेट वेस्ट हॅम युनायटेडच्या महिला संघात! इंग्लंडच्या लीगमध्ये खेळणारी पहिली भारतीय महिला. ऐकायला एकदम ग्लॅमरस, नाही? पण वेस्ट हॅमचा हा संघ तेव्हा तिसऱ्या पातळीवर खेळत होता. आणि १६ ऑगस्ट २०१५ ला कॉव्हेंट्रीविरुद्धच्या पदार्पणात स्कोअर काय लागला? ०-५. नव्या जॉबचा पहिला दिवस, आणि पाच वेळा वाकून जाळ्यातून बॉल काढायचा. माझा पहिल्याच आठवड्यात एक रिपोर्ट चुकला होता तर मी दोन दिवस कँटीनला फिरकलो नव्हतो.

गोलकीपरचं काम आपल्या सपोर्ट टीमसारखंच. सर्व्हर चालू असेल तर तुमचं नावही कुणाला ठाऊक नसतं. एक रात्र बंद पडला की अख्ख्या फ्लोअरला कळतं, ड्युटीवर कोण होतं. सात मीटर बत्तीस सेंटिमीटर रुंदीची चौकट एकटीनं राखायची, आणि उत्तम काम केलं याचा पुरावा काय, तर शून्य.

त्या शून्याचीच एक गोष्ट आहे, तीही आपल्या महाराष्ट्रातली. २०२२ चा महिला आशियाई कप मुंबई, नवी मुंबई आणि पुण्यात झाला. वर्ल्ड कपची पात्रताही यातूनच ठरणार होती. घरचं मैदान, तयारीला मिळालेला वेळ, याहून मोठी संधी भारताच्या मुलींना आधी क्वचितच मिळाली होती. २० जानेवारीला नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर इराणशी ०-०. गोलात अदिती. समोरच्या गोलकीपरनं आपले शॉट अडवले म्हणून हळहळ झाली, पण दोन सामने बाकी होते. स्टँड्स रिकामे, कारण कोविडमुळे प्रेक्षकांना बंदी. आणि तोच कोविड संघात शिरला. २३ तारखेला चायनीज तैपेईविरुद्ध उतरायला नियमाप्रमाणे लागणाऱ्या १३ खेळाडूही भरेनात. सामना झालाच नाही. नियमावर बोट ठेवून भारतानं माघार घेतली असं धरलं गेलं आणि इराणविरुद्धचा तो सामनाही स्पर्धेच्या हिशेबातून रद्द झाला. म्हणजे इतक्या वर्षांनी घरच्या आशियाई कपात क्लीन शीट राखली, तर तक्त्यात तीही उरली नाही!

हे वाचताना मी मोबाइल बाजूला ठेवून चहा केला. खरंच.

पण बाईंचा सीव्ही तेवढ्यावर संपत नाही. २०१२, २०१६ आणि २०१९ च्या सॅफ विजेत्या संघांत ती होती. गोकुलम केरळाकडून २०२० ची इंडियन विमेन्स लीग जिंकली, २०२१ मध्ये आइसलंडच्या हामार क्लबकडून खेळली, मुलींसाठी 'शी किक्स' ही अकॅडमी काढली. देशासाठी ५७ सामने खेळून जुलै २०२५ मध्ये, बत्तिसाव्या वर्षी निवृत्त झाली. त्याच महिन्यात थायलंडला त्यांच्याच घरी २-१ नं हरवून भारत २०२६ च्या आशियाई कपला पात्र ठरला. यजमान म्हणून नव्हे, पात्रता फेरी खेळून. तेव्हा गोलात मणिपूरची पंथोई चानू होती.

एवढं सगळं मी बहिणीला सांगितलं. तिला फक्त एकाच गोष्टीत इंटरेस्ट : "पाच गोल खाल्ल्यावर पुढच्या मॅचला तिलाच ठेवली काय?"

रविवारी ग्लोव्ह्ज घ्यायला शहरात गेलो. दुकानदारानं विचारलं, "भाऊला पाहिजेत?" बहिणीला म्हटल्यावर तो थोडा थबकला. लहानात लहान जोड घेतली, तरी अंगठा ढिलाच. काकांनी पेटीतून वायरिंगची काळी टेप काढली आणि मनगटापाशी दोन वेढे दिले. काकू आतून ओरडल्या, "आधी गणिताचा पेपर हाय म्हणावं!" तोवर पोरगी गेटबाहेर.

बस कराडच्या आसपास असताना मेसेज आला : "तीन खाल्ले. एक आडवला. लई भारी आडवला."