छोट्या गाड्यांचा छंद

तुमच्यापैकी पुष्कळजण रोज एसटीने शाळेत येतात. काहीजण तर पहिलीपासून एकाच वेळेच्या गाडीने येत असतील. तरीही त्या गाडीच्या एका बाजूस खिडक्या किती, असे एकाएकी विचारले, तर दहांतील नऊजण मनातल्या मनात बोटे मोजू लागतील आणि दहावा अंदाजाने काहीतरी ठोकून देईल. संकटकालीन दार कोठे असते? मागच्या आसाला चाके किती असतात? ज्या वस्तू आपण नित्य वापरतो, त्या आपण खऱ्या अर्थाने क्वचितच पाहिलेल्या असतात. डोळे उघडून पाहावयास लावणारा एक छंद आहे. मोटारी, बसगाड्या, मालमोटारी यांच्या प्रमाणबद्ध लहान प्रतिकृती तयार करणे, मोडलेल्या दुरुस्त करणे आणि त्यांचा संग्रह करणे, हा तो छंद होय.

बाजारात मिळणारी प्रत्येक छोटी मोटार ही प्रतिकृती नव्हे. माळेगावच्या यात्रेत किंवा लातूरच्या सिद्धेश्वराच्या यात्रेत खेळण्यांच्या पालांवर रंगीबेरंगी मोटारी मांडलेल्या असतात. त्यांची चाके अवाढव्य, दारे नुसती रंगवलेली, आणि पुढचे तोंड तीन निरनिराळ्या मोटारींचे मिळून बनलेले! ती खेळणी आहेत. त्यांच्याशी खुशाल खेळावे. प्रतिकृतीची अट मात्र कडक असते. मूळ वाहन जितक्या पटीने लहान करावयाचे, तितक्याच पटीने त्याचा प्रत्येक भाग लहान झाला पाहिजे. १:१८, १:२४, १:४३, १:६४ ही जगभर रूढ झालेली प्रमाणे आहेत. त्यांतील १:४३ हा आकडा विचित्र वाटतो ना? त्याचे मूळ आगगाडीत आहे. इंग्लंडमध्ये फ्रँक हॉर्न्बी यांच्या कारखान्यात खेळातल्या आगगाड्या तयार होत. त्यांच्या मापात मूळ १ फुटास ७ मिलिमीटर धरीत. त्या आगगाड्यांशेजारी ठेवण्यासाठी त्याच कारखान्याने लहान मोटारी काढल्या, आणि १९३४ पासून त्या ‘डिंकी’ या नावाने प्रसिद्ध झाल्या. १ फूट म्हणजे ३०४.८ मिलिमीटर, त्याला ७ ने भागून पाहा, म्हणजे कोडे आपोआप उलगडेल.

हा छंद विलायतेतून आला, असे मात्र कोणी समजू नये. आपल्या खेड्यांतील मुले ज्वारीच्या ताटाची साल सोलून तिच्या कांब्यांची साटी आणि आतल्या मऊ गाभ्याची चाके करून बैलगाडी जोडीत आली आहेत. गावचा सुतार मनात आले तर लाकडाच्या उरलेल्या तुकड्यांतून अशी वीतभर गाडी घडवून देई, की तिचे जू, आस, आरे सारे काही जागच्या जागी असे. याहून जुना पुरावा हवा असेल, तर आपल्या गोदावरीच्या वरच्या अंगाला जावे लागेल. आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, प्रवरा नदीकाठी दायमाबाद नावाचे गाव आहे. ही प्रवरा गोदावरीला मिळते आणि तेच पाणी पुढे नांदेडच्या घाटांवरून वाहते. त्या गावी १९७४ साली खोदता खोदता अकस्मात काशाच्या चार वस्तू हाती लागल्या. हत्ती, गेंडा आणि रेडा हे तीन प्राणी, आणि चौथा एक रथ. रथ सुमारे ४५ सेंटिमीटर लांबीचा आहे. त्याला दोन बैल जुंपले आहेत, १६ सेंटिमीटर उंचीचा सारथी उभा आहे, आणि मधल्या दांडीवर एक कुत्राही उभा आहे. तो चार हजार वर्षांच्या आसपासचा असावा, असे बहुतेक संशोधक मानतात. तो रथ कशासाठी घडवला असेल, पूजेसाठी की मिरवणुकीसाठी, यावर विद्वानांनी खुशाल वाद घालावा. मला त्या कुत्र्याचे अधिक कौतुक वाटते. ज्या कारागिराने तो दांडीवर उभा केला, त्याने गाडीबरोबर चालणारे कुत्रे नीट पाहिले होते, एवढे खास.

लहान मोटारींचा जगभर प्रसार झाला, त्यामागे एका शाळेचा नियम होता, हे सांगितले तर तुम्हांला मौज वाटेल. जॅक ओडेल हे लंडनच्या लेझ्नी या कारखान्यातील एक कुशल यंत्रज्ञ होते. त्यांच्या मुलीच्या शाळेत आगपेटीत मावेल एवढेच खेळणे आणण्याची मुभा होती. ओडेल यांनी रस्त्यावर फिरणाऱ्या रोलरची पितळेची एक इवलीशी प्रतिकृती करून तिला आगपेटीत घालून दिली. वर्गातील साऱ्या मुलांना तसाच रोलर हवासा झाला, आणि १९५३ पासून त्या कारखान्याच्या ‘मॅचबॉक्स’ मोटारी बाजारात येऊ लागल्या. शाळेचे नियम नेहमीच निष्फळ ठरतात असे नाही, हे एका जुन्या मुख्याध्यापकाने सांगितले, तर तुम्ही हसाल, हसा!

आता आपल्या इकडचे सांगतो. माझ्या शाळेत अहमदपूर तालुक्यातील एका वाडीचा मुलगा होता. वर्गात तो फारसा बोलत नसे. एकदा त्याने बुटांच्या खोक्याच्या पुठ्ठ्याची एक एसटी करून आणली. रंग थोडा ओघळलेला होता, टप एका बाजूस किंचित झुकलेले होते. पण डाव्या अंगाला मागच्या चाकाजवळ एक चौकोन इतर रंगाहून उजळ दिसत होता. मी विचारले, “हा तुकडा असा वेगळा का रे?” तो म्हणाला, “गुरुजी, तिथं नवा पत्रा बसवलाय. आमच्या मुक्कामी गाडीला तसाच आहे.” त्याने कोणतीतरी एसटी केली नव्हती, रात्री त्याच्या वाडीत मुक्कामाला येणारी तीच एक गाडी केली होती. चालक-वाहक जेवावयास बसले, की हा कंदील घेऊन वितीने गाडी मोजीत असे. त्या वर्षीच्या प्रदर्शनात बक्षीस दुसऱ्याच एका चकचकीत वस्तूला मिळाले. ती आदल्या रात्री वडीलधाऱ्यांनी चिकटवून दिलेली होती, हे पाहताक्षणी कळत होते. झिलई पाहून बक्षिसे देण्याची ही रीत मला कधीच मान्य झाली नाही.

करून पाहावयाचे असेल, तर आरंभी १:२५ हे प्रमाण घ्यावे. म्हणजे मूळ १ मीटरला ४ सेंटिमीटर, इतका हिशेब सोपा होतो. समजा, मोजलेली बस ११ मीटर लांब आणि २.५ मीटर रुंद भरली, तर प्रतिकृती ४४ सेंटिमीटर लांब आणि १० सेंटिमीटर रुंद होईल. चाकाचा व्यास १ मीटर असेल, तर तुमचे चाक ४ सेंटिमीटरचे. आणि १६५ सेंटिमीटर उंचीचा चालक ६.६ सेंटिमीटरचा. नवशिक्यांच्या गाड्या बहुधा चाकांपाशी फसतात, कारण हाती लागेल त्या बाटलीचे टोपण ते लावून मोकळे होतात. योग्य मापाचे टोपण मिळेपर्यंत थांबावे. न मिळाल्यास पुठ्ठ्याच्या चकत्या एकावर एक चिकटवून चाक करावे. पुठ्ठा, डिंक, जाड तार, काचकागद आणि रंगाच्या दोन डब्या एवढ्यावर पहिली गाडी होते. पाते वापरताना घरातील मोठे माणूस जवळ असावे, आणि रंग मोकळ्या हवेत द्यावा.

मापे घेऊन झाली, की रंगाचा प्रश्न येतो, आणि तेथून मनुष्य नकळत इतिहासात शिरतो. एसटीची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी पुणे आणि तेव्हाचे अहमदनगर या मार्गावर धावली. ती निळ्या रंगाची आणि रुपेरी टपाची होती. तिची प्रतिकृती कोणी तांबडी रंगवली, तर ती कितीही सुबक असली तरी चुकलीच. त्या दिवशी नांदेड-लातूरकडे मात्र ही एसटी नव्हती, कारण मराठवाडा तेव्हा हैदराबाद संस्थानात होता. त्या संस्थानाच्या रेल्वेखात्याने १९३२ साली २७ गाड्यांनिशी स्वतःची बससेवा सुरू केली होती. १९५६ साली आपला प्रदेश मुंबई राज्यात आला आणि १९६१ साली आजचे राज्य परिवहन महामंडळ स्थापन झाले. पुढे १९८२ च्या दिल्लीतील आशियाई क्रीडास्पर्धांवरून ‘एशियाड’ हे नाव निम-आराम गाड्यांना पडले. आणखी एक गंमत तुम्हांला स्वतःला पडताळून पाहता येईल. लातूर जिल्ह्यातील वाहनांवर एमएच २४ आणि नांदेड जिल्ह्यातील वाहनांवर एमएच २६ हे क्रमांक असतात. परंतु याच जिल्ह्यांतील बसस्थानकांत उभ्या असलेल्या कित्येक एसटी गाड्यांवर एमएच २० दिसेल. कारण एसटीच्या गाड्यांची शरीरे बांधणाऱ्या तीन मध्यवर्ती कार्यशाळांपैकी एक छत्रपती संभाजीनगरजवळ चिकलठाण्याला आहे, आणि तेथे बांधलेल्या गाड्यांची नोंदणी तिकडेच होत आली आहे. उरलेल्या दोन कार्यशाळा पुण्याजवळ दापोडीला आणि नागपूरजवळ हिंगण्याला आहेत. पाटीवरील दोन आकडे नीट रंगवावयाचे, म्हणजे इतके सारे ठाऊक असावे लागते.

दुरुस्तीचे काम मला निर्मितीइतकेच मोलाचे वाटते. घरोघरी एखादी जुनी मोटार चाक निखळून पडलेली असते. तिचा आस सरळ करावा, चाक बसवावे, तेलाचा थेंब सोडावा. पण तिचे ओरखडे घालवून तिला नवा रंग फासण्याची घाई करू नये. ते ओरखडे तुमच्या थोरल्या भावाच्या किंवा आत्याच्या हातून पडलेले असतील. ती त्या मोटारीची जन्मकथाच आहे. जाणते संग्राहकही मूळ रंगाला, तो उडालेला असला तरी, अधिक मान देतात. काही मोटारी मात्र कोणाच्याच हातून सुधारत नाहीत. जस्ताच्या मिश्रधातूत ओततेवेळी शिशासारखी अशुद्धी राहिली, तर कित्येक वर्षांनी तो धातू आतून भेगाळतो आणि कपाटात न हलवता ठेवलेली मोटारही चुरा होऊन पडते. १९३० नंतरच्या दशकातील कित्येक डिंकी मोटारींची अशी गत झाली.

संग्रहाविषयी माझे मत थोडे कठोर आहे. खोकी न उघडता किमती वाढण्याची वाट पाहत मोटारी रचून ठेवणे, हा माझ्या दृष्टीने व्यापार आहे. तो मोठ्यांनी करावा. मुलाने तीनच मोटारी जमवाव्यात, पण त्या एका सूत्रात असाव्यात. अँबॅसॅडर, प्रीमियर पद्मिनी आणि मारुती ८०० या तीन मोटारी ओळीने मांडून पाहा. कोलकात्याजवळच्या उत्तरपाड्याची अँबॅसॅडर २०१४ साली बनावयाची थांबली. मुंबईत कुर्ल्याला तयार झालेली पद्मिनी टॅक्सी म्हणून ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईच्या रस्त्यांवरून नाहीशी झाली. मारुती ८०० ची पहिली किल्ली डिसेंबर १९८३ मध्ये दिली गेली, आणि तिचेही उत्पादन २०१४ मध्येच संपले. प्रत्येकीसाठी वहीचे एक पान ठेवावे: ती कोठे तयार होई, केव्हापर्यंत, घरातील कोणी तीत बसले होते काय. आजोबांना हे विचारून तर पाहा. संध्याकाळ कशी सरली ते कळणार नाही.

“परंतु गुरुजी, या खेळाला परीक्षेत गुण किती?” हा प्रश्न मला अनेक पालकांनी विचारला आहे, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. आमचा भाग पाण्याने गरीब. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणून लातूरला प्यावे लागले. शेतीचा भरवसा नाही, म्हणून पोटाला चिमटा घेऊन आईबाप मुलांना शिकवतात. ‘लातूर पॅटर्न’ची कीर्ती त्यातूनच राज्यभर झाली, आणि आज लातूर-नांदेडच्या शिकवणीवर्गांत दूरदूरची मुले खोल्या घेऊन राहतात. मी त्या कष्टांचा निंदक नाही. मात्र सहावी-सातवीच्या मुलाची प्रत्येक घटका पुढच्या परीक्षेला गहाण टाकावी, हे मला पटत नाही. या छंदाने गुणोत्तर आणि प्रमाण पक्के होते, हे खरे. तरीही त्यासाठी तो करा, असे मी सांगणार नाही. गुणांसाठी केलेला छंद हा आणखी एक तास होतो, आणि मुले त्यालाही कंटाळतात. ज्या कामात पडताळा पाहणारा दुसरा कोणी नसतो, चाक वाकडे बसले तर आपल्यालाच चैन पडत नाही, आणि म्हणून आपण ते काढून पुन्हा बसवतो, असे एखादे काम बारा वर्षांच्या मुलाच्या वाट्याला यावयास हवे. रविवारचा एक तास त्याला पुरतो. हा बालिशपणा आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी पुण्यास गेल्यावर भाऊ जोशी यांचे छोट्या रेल्वेचे संग्रहालय अवश्य पाहावे. ते १९९८ साली लोकांसाठी उघडले. लहानपणीची आवड मोठेपणीही न सोडणाऱ्या एका गृहस्थाने तेथे रुळ, सिग्नल, रस्ते आणि दिवे यांसह एक अवघे नगर उभे केले.

अँबॅसॅडर आणि पद्मिनी यांच्या प्रतिकृती पैसे टाकले तर मिळतात. आपल्या रस्त्यांवरची टमटम, गावोगावची माणसे कोंबून नेणारी काळी-पिवळी जीप, उसाच्या मोळ्या वाहणारी बैलांची टायरगाडी, यांच्याकडे परदेशातला कोणता कारखाना वळून पाहील? ही वाहने आज आहेत, तोवर त्यांची मापे घेता येतील. टेप आणि वही घेऊन जाताना मालकाची परवानगी मात्र आधी मागावी, आणि गाडी उभी असतानाच मोजावी. तो प्रथम तुमच्याकडे संशयाने पाहील. मग काय चालले आहे हे कळले, की बहुधा टेपचे दुसरे टोक तोच धरील, आणि तुम्ही न विचारलेली मापेही सांगू लागेल.