'सौ.'मधला भाग



बचत गटाच्या नोंदवहीत नाव लिहिताना हमखास अडते: नावाआधी काय लिहायचे? नागपूरच्या वस्त्यांमध्ये काम करताना मी हे कितीदा तरी ऐकले आहे. नवऱ्याने टाकलेली बाई विचारते, "ताई, मी सौ. की श्रीमती?" तिच्या भावाला हा प्रश्न पडत नाही. तो लग्नाआधी श्री., लग्नानंतर श्री. आणि बायको गेल्यावरही श्री.च.

'सौ.' हे 'सौभाग्यवती'चे छोटे रूप. 'सौभाग्य' आले 'सुभग'वरून. त्यातल्या 'भग'चे मूळ 'भज्' या धातूत, म्हणजे वाटणे. 'भाग' हा शब्दही त्याच धातूचा. चांगला वाटा लाभणे, हे मुळातले सौभाग्य. पुढे बाईच्या बाबतीत हा अर्थ आकसत गेला आणि 'नवरा जिवंत असणे' एवढाच उरला. लग्नपत्रिकेत वर नुसता 'चि.', वधू मात्र 'चि. सौ. कां.', सौभाग्याची आकांक्षा धरणारी. नवरा गेला की कुंकवाबरोबर 'सौ.'ही पुसली जाते आणि 'गं. भा.' लागते.

हे आपल्याकडेच आहे असे नाही. चिनी लिपीत विवाहितेसाठीच्या चिन्हात 'स्त्री'शेजारी झाडू आहे. तीन हजार वर्षांपूर्वीच्या अस्थिलेखांत फू हाओ या राणीची पदवी त्याच झाडूच्या चिन्हाने लिहिली आहे. तेच लेख सांगतात की तिने लढाईत सैन्य नेले. १९७६ साली तिची कबर सापडली, तीत शस्त्रेही होती. म्हणजे चिन्ह एक सांगत होते आणि बाई दुसरेच जगत होती.

कोणी म्हणेल, अक्षरांनी काय बिघडते? बिघडते. २२ जून १९९४ पासून महाराष्ट्राने हिंदू वारसा कायद्यात बदल करून मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत जन्मतः वाटा दिला. पण त्या तारखेआधी लग्न झालेल्या मुली वगळल्या. 'सौ.' लागली म्हणून माहेरचा भाग गेला! ही अट केंद्राच्या २००५च्या दुरुस्तीने गेली. हक्क मागताना वडील हयात असण्याची गरज नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२० मध्ये स्पष्ट केले. तरीही हक्कसोडपत्रावर बहिणींच्या सह्या आजही घेतल्या जातात.

मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे बंद करण्याचा ठराव केला. पुढच्याच वर्षी 'विधवा'ऐवजी 'गं. भा.' लिहावे असा प्रस्ताव सरकारातून पुढे आला आणि त्याला विरोधही झाला. शिक्का गोड केला तरी तो शिक्काच राहतो.

आपण आपल्यापासून सुरुवात करू या. गटाच्या नोंदवहीतून सौ., श्रीमती, कु. हा रकाना काढून टाकू. बाईचे नाव पुरेसे आहे. त्या जागी दुसरा प्रश्न लिहू: घरावर, सातबारावर तुझे नाव आहे का? उत्तरे काय येतात, ते आम्हाला जरूर कळवा. पुढच्या अंकात त्यावरच बोलू.