मदत कोणाला आणि हिशेब कोणाचा?

कर्ज थकवणाऱ्यासाठी आपल्याकडे दोन शब्द आहेत. शेतकऱ्याचा हप्ता चुकला की तो 'थकबाकीदार' होतो. कारखान्याचे हप्ते चुकले की तो कारखाना 'आजारी' होतो. आजाऱ्यावर कोणी रागावत नाही. त्याच्या उशाशी संत्री नेऊन ठेवायची असतात! १९८५ साली आपल्या संसदेने आजारी उद्योगांसाठी एक कायदाच केला. साठलेला तोटा कंपनीच्या नक्त मालमत्तेइतका झाला की तिने एका मंडळाकडे जायचे आणि तेथे प्रकरण चालू असेपर्यंत मंडळाच्या संमतीशिवाय कोणी वसुलीचा दावा लावायचा नाही, अशी त्यात तरतूद होती. व्यवस्थापन बदलण्याचीही सोय होती. परंतु प्रकरणे वर्षानुवर्षे रेंगाळत राहिली. 'कंपनी आजारी, मालक ठणठणीत' असे लोक म्हणत ते काही उगीच नव्हे. अखेर डिसेंबर २०१६ मध्ये तो कायदा रद्द झाला. नवी दिवाळखोरी संहिता त्याच वर्षी झाली होती.

मित्रमैत्रिणींनो, बुडत्या कंपनीला सरकारने हात देऊच नये असे माझे म्हणणे नाही. कंपनी बुडते तेव्हा सर्वांत आधी मालक बुडत नाही. आधी बुडतो तो पगारावर घर चालवणारा कामगार आणि फाटकाबाहेरचा चहावाला. मुंबईच्या गिरणगावाने हे पुरेपूर पाहिले आहे. माझा प्रश्न त्याच्या पुढचा आहे. मदत घेतल्यानंतर हिशेब कोणी द्यायचा?

आमच्या घरात कॉलेजात आलेली मी पहिलीच. शिष्यवृत्तीच्या अर्जाला काय काय जोडावे लागते हे आपल्यापैकी अनेकांना तोंडपाठ असेल. उत्पन्नाचा दाखला, गुणपत्रक, बँकेचे पासबुक, आणि वर्गातली हजेरी. २०१७ साली महाराष्ट्रात दीड लाखापर्यंतची कर्जमाफी जाहीर झाली, तेव्हा ऑनलाइन अर्ज भरताना नवराबायको दोघांचेही अंगठे घेतले जात होते. माझे आईवडीलही त्या रांगेत होते. याबद्दल माझी मुळीच तक्रार नाही. पैसा सर्वांचा आहे, तेव्हा विचारणारच. पण मग सर्वांनाच विचारावे, एवढेच.

सर्वांना सारखे विचारले जात नाही, याचे ठळक उदाहरण अमेरिकेत घडले. एआयजी ही तेथील अवाढव्य विमा कंपनी. दुसऱ्यांची कर्जे बुडली तर आम्ही भरून देऊ, अशा हमी तिच्या एका शाखेने भरमसाट विकल्या होत्या. घरांच्या किमती कोसळल्या आणि त्या हमी अंगावर आल्या. १६ सप्टेंबर २००८ रोजी अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेने तिला ८५ अब्ज डॉलर्सचे कर्ज देऊ केले आणि जवळजवळ ८० टक्के मालकी सरकारकडे आली. पुढे मदतीचा आकडा वाढत १८२ अब्जांपर्यंत गेला. आणि मार्च २००९ मध्ये लोकांनी काय वाचले? ज्या शाखेने हा खड्डा खणला, त्याच शाखेतील लोकांना १६ कोटी ५० लाख डॉलर्स बोनस! लोक खवळले. १९ मार्चला प्रतिनिधिगृहाने अशा बोनसवर ९० टक्के कर बसवण्याचे विधेयक मंजूर केले, पण सिनेटने ते पुढे नेलेच नाही.

बोनस देणाऱ्यांचा युक्तिवाद असा होता की हे करार आधीच झालेले आहेत, ते मोडता येत नाहीत. ऐकायला बरे वाटते. परंतु सरकारचे पैसे आले नसते तर ती कंपनी दिवाळ्यात निघाली असती आणि त्या करारांचा कागद रद्दीच्या भावाने गेला असता. कराराला किंमत आली ती लोकांच्या पैशाने. मग त्यात लोकांना बोलण्याचा अधिकार का नसावा?

येथे कोणी म्हणेल, सरकारचे नुकसान कोठे झाले? हे खरे आहे. २०१२ अखेरपर्यंत एआयजीमधून सरकारला सुमारे २२ अब्ज ७० कोटी डॉलर्स फायदा झाला. तथापि पैसे परत आले म्हणजे हिशेब मिळाला असे होत नाही. उलट २०११ साली कंपनीच्या माजी प्रमुखाच्या संस्थेने, जी एक मोठी भागधारक होती, सरकारवरच दावा लावला की मदतीच्या अटी फार जाचक होत्या! बुडताना हात धरला, तो फार घट्ट धरला अशी तक्रार काठावर आल्यावर करायची, याला काय म्हणावे? २०१५ मध्ये न्यायालयाने सरकारने अधिकाराबाहेर जाऊन अटी घातल्या असे म्हटले, पण नुकसानभरपाई एक छदामही दिली नाही. २०१७ मध्ये अपील न्यायालयाने तर असा दावा करण्याचा अधिकारच या संस्थेला नाही, असे ठरवले.

हिशेब मागणे अशक्य असते असे मात्र नाही. त्याच देशात तीस वर्षे आधी क्रायस्लर ही मोटार कंपनी डबघाईला आली होती. १९७९ च्या एका वर्षात तिला एक अब्जाहून अधिक डॉलर्सचा तोटा झाला. राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी जानेवारी १९८० मध्ये तिच्यासाठीच्या कायद्यावर सही केली. सरकारने रोख पैसे दिले नाहीत. दीड अब्ज डॉलर्सपर्यंतच्या कर्जाला हमी दिली. आणि ती देण्याआधी बँका, पुरवठादार, विक्रेते, कामगार या सर्वांनी आपापली झीज सोसून सुमारे दोन अब्ज उभे करावेत अशी अट घातली. कंपनीचे प्रमुख ली आयाकोका यांनी त्या काळात वर्षाला एक डॉलर पगार घेतला. कामगार संघटनेचे अध्यक्ष डग्लस फ्रेझर संचालक मंडळावर जाऊन बसले.

या गोष्टीचे मला सरसकट कौतुक करावयाचे नाही. हजारो कामगारांच्या नोकऱ्या गेल्या, उरलेल्यांनी पगारात कपात सोसली. एक डॉलरवर वर्ष काढणाऱ्या प्रमुखाच्या घरी चूल बंद पडली नसणार. कामगाराचे तसे नव्हते. तरीसुद्धा एक गोष्ट सरकारने तेथे नेमकी केली. जोखीम लोकांची, तर पुढच्या नफ्यातही लोकांचा वाटा हवा, म्हणून त्याने कंपनीचे १ कोटी ४४ लाख शेअर्स १३ डॉलर्स भावाने घेण्याचा हक्क लिहून घेतला. १९८३ साली कंपनीने सारे कर्ज मुदतीच्या सात वर्षे आधी फेडले. तोवर शेअरचा भाव बराच वर गेला होता, तेव्हा तो हक्क सरकारने सोडून द्यावा म्हणून कंपनीने खटपट करून पाहिली. सरकार बधले नाही. त्याने तो हक्क लिलावात काढला आणि कंपनीला ३१ कोटींहून अधिक डॉलर्स मोजून तो स्वतःच विकत घ्यावा लागला.