दोष बॅटरीचा, अपराध मौनाचा

१/ ‘ॲपल जुने आयफोन मुद्दाम मंद करते’ हे विधान समाजमाध्यमांवर इतिहास म्हणून फिरते. ते अर्धेच खरे आहे, आणि अशा अर्धसत्याने कंपनीचीच सोय होते. म्हणून हा घटनाक्रम तारखांसह.

२/ २०१६ च्या अखेरीस, चार्ज शिल्लक असतानाही आयफोन एकाएकी बंद पडत असल्याच्या तक्रारी वाढल्या. कारण रासायनिक होते. लिथियम-आयन बॅटरी जुनी झाली की तिचा अंतर्गत रोध वाढतो. प्रोसेसरने क्षणभर अधिक वीज ओढताच व्होल्टेज घसरते आणि फोन बंद होतो. थंडीत हे अधिक घडते.

३/ जानेवारी २०१७ मध्ये आयओएस १०.२.१ आले. बॅटरी जीर्ण झालेल्या फोनच्या प्रोसेसरची कमाल गती आवरण्याची सोय त्यात होती. अभियांत्रिकीच्या दृष्टीने हा उपाय समर्थनीयच. मधेच बंद पडणाऱ्या फोनपेक्षा मंद फोन बरा. फेब्रुवारीत कंपनीने फोन बंद पडणे कमी झाल्याचे सांगितले. त्याची किंमत गतीने चुकवली जात आहे, हे मात्र सांगितले नाही.

४/ १८ डिसेंबर २०१७ रोजी गीकबेंचचे जॉन पूल यांनी गतिमापनाचे आलेख प्रसिद्ध केले. दोनच दिवसांत कंपनीने कबुली दिली. २८ डिसेंबरला क्षमायाचना झाली आणि अमेरिकेत बॅटरी बदलण्याचा दर ७९ डॉलरवरून २९ डॉलरवर आला.

५/ खरा अन्याय येथे आहे. ग्राहकाला मंद फोन दिसत होता, थकलेली बॅटरी दिसत नव्हती. ज्याचे काम नव्या बॅटरीवर भागले असते, त्याला नवा फोन घ्यावासा वाटणे स्वाभाविक होते. पुरावा हवा? २ जानेवारी २०१९ रोजी गुंतवणूकदारांना लिहिलेल्या पत्रात टिम कुक यांनीच आयफोनची विक्री अपेक्षेहून कमी होण्याच्या कारणांत स्वस्तात झालेली बॅटरीबदली नोंदवली आहे.

६/ काही जण लगेच फीबस कार्टेलचा दाखला देतात. १९२४ मध्ये एकत्र आलेल्या दिवे उत्पादकांनी बल्बचे आयुष्य १,००० तासांवर आणले आणि अधिक टिकाऊ बल्ब बनवणाऱ्या सदस्यांना दंड लावला. तेथे हेतू लेखी होता. ॲपलबाबत तसा हेतू सिद्ध झालेला नाही. फेब्रुवारी २०२० मध्ये फ्रान्सने केलेला २.५ कोटी युरोंचा दंड ग्राहकांना माहिती न दिल्याबद्दल होता. अमेरिकेत ५० कोटी डॉलरपर्यंतची तडजोड झाली, तीही दोष मान्य न करता.

७/ म्हणून कटाची कथा सोडा. सिद्ध झालेला आरोप पुरेसा गंभीर आहे. मार्च २०१८ मध्ये आयओएस ११.३ ने बॅटरीची स्थिती दाखवणारा आणि गतीवरील मर्यादा हटवू देणारा पर्याय दिला. चौदा महिन्यांनी जे सांगता आले, ते पहिल्याच दिवशी का सांगितले नाही? आपण पैसे मोजून घेतलेल्या वस्तूत काय बदलले, हे जाणणे हा ग्राहकाचा हक्क आहे. तो मागण्यासाठी अतिशयोक्तीची गरज नाही, तारखा पुरतात.